पंख्यातल्या अक्षता

मी मुळातच उतावळी. चहा धड उकळायच्या आत गाळणारी, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देणारी. हॉस्पिटलात नर्स आहे, तिथे याला चपळपणा म्हणतात. घरी काय म्हणतात ते नवऱ्याला विचारा, पण तो सभ्य माणूस आहे, सांगणार नाही.

त्या जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, आमच्या गाडीच्या हीटरचा पंखा बंद पडला. गाडी जपानहून जुनी म्हणूनच आलेली, आमच्या मुलीपेक्षाही वयानं मोठी. पंखा उन्हाळाभर खुळखुळत होता, आत बसून कुणीतरी वाळू चाळतंय असं वाटायचं. आम्ही रेडिओ मोठा केला आणि दुर्लक्ष केलं. मग एक दिवस खुळखुळ थांबली आणि वाराही थांबला.

पुण्यात होते तोवर हीटरशिवाय गाडी चालवता येत नाही हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. इथे दक्षिण गोलार्धात, जॉन्सनव्हिलला, सकाळी अंधारातच निघायचं, बाहेर दक्षिणेकडून येणारं बोचरं वारं, आणि आत माझ्याच श्वासानं समोरची काच पांढरी. इंजिन गरम असतं, ऊब असते, पण ती काचेपर्यंत ढकलणारा पंखाच नाही म्हटल्यावर काय करता? खिडकी उघडावी तर कान गळून पडतील. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात जुना पंचा. पुसलं की चार श्वास दिसायचं, पाचव्याला पुन्हा ढगात. घरच्या ग्रुपवर हे बोलायची चूक केली आणि पुण्याहून उपाय सुरू झाले. नणंद म्हणाली, बटाटा चिरून काचेवर चोळ. मामेसासरे म्हणाले, दाढीचा साबण लाव. मी दोन्ही केलं. काचेला बटाट्याचा वास लागला, साबणाचे पट्टे उमटले आणि वाफ होती तिथेच राहिली.

मग गॅरेजला का नेली नाही? सांगते.

नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये गेली होती. कॉम्प्युटरचं काम, मोठं ऑफिस, आणि तिथे 'रिस्ट्रक्चर' झालं. इथे माणसाला काढलं असं कुणी म्हणत नाही, त्याची जागा नाहीशी झाली म्हणतात. निरोपाला केकसुद्धा होता. पहिले काही आठवडे तो रोज दाढी करून टेबलाशी बसायचा, अर्ज पाठवायचा. मग दाढी थांबली. मग पुण्याचे फोन घेणं थांबलं. सासूबाईंचा फोन आला की तो मला हातानंच खूण करायचा, आणि मी म्हणायचे, अंघोळीला गेलाय. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, किती वेळा अंघोळ करतो हा? तिकडे पाण्यातून सोनं येतं का?" मी हसले, आणि फोन ठेवल्यावर मला रडू फुटलं.

पैशाची काळजी नव्हती, माझा पगार चालू होता. मला भीती माणसाची वाटत होती. घरात असून नसल्यासारखा झाला होता तो. मी बोलायचे, तो 'हं' म्हणायचा. टॉवेलांच्या घड्या एकसारख्या व्हाव्यात म्हणून पुन्हा पुन्हा मोडून घालायचा, आणि मला ते बघवायचं नाही. हा असाच मिटत गेला तर मी काय करू, हा एकच प्रश्न ड्यूटीभर माझ्या डोक्यात फिरत असायचा.

अशात पंखा बंद पडला आणि तो म्हणाला, "मी बघतो." कित्येक आठवड्यांत त्यानं स्वतःहून अंगावर घेतलेलं ते पहिलं काम. आता मी गॅरेजचं नाव काढणार होते का?

बघतो म्हणजे अर्थात त्याच्या पद्धतीनं. आधी वायरिंगचं चित्र छापून फ्रिजवर लावलं. संध्याकाळी मी घरी पोचले की हा मीटर घेऊन गाडीत आडवा. फ्यूज ठीक. स्विच ठीक. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा भाग ठीक. पंख्याच्या प्लगपर्यंत वीज येतेय. "म्हणजे मोटर गेली," त्यानं निकाल दिला. मी म्हटलं, मग खोल ना पंखा, बघू तरी आत काय झालंय. तर नाही. "पर्याय हातात आल्याशिवाय चालू सिस्टिम उघडायची नसते," तो म्हणाला. हा त्याच्या ऑफिसातला नियम. "उघडली आणि परत बसलीच नाही तर सकाळी तू जाणार कशी?" अरे, चालू कुठे आहे ती सिस्टिम? पण मी जीभ आवरली. लग्नानंतर मी जीभ आवरल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील.

मग दुसऱ्या मोटरचा शोध सुरू झाला. जुन्या गाड्या मोडून त्यांचे सुटे भाग विकणारे असतात, इथे त्यांना रेकर्स म्हणतात. हा एकेकाला फोन लावायचा, मॉडेल सांगायचा, नाही म्हणाले की पुढच्याला. त्याचा आवाज मला शेजारच्या खोलीतून ऐकू यायचा आणि तो आवाज मला ओळखीचा वाटायला लागला होता. मी आपली पंचा पिळत राहिले.

एका मंगळवारी मात्र हद्द झाली. आमच्या टेकडीवरून मोटरवेला उतरणारा घाट आहे, तो उतरताना काच एकदम आंधळी झाली. पंचा मागच्या सीटवर पडलेला. मी तळहातानं काच पुसली आणि पुसलेल्या जागेतून ट्रकचे लाल दिवे दिसले, अगदी नाकासमोर. ब्रेक लागला. माझ्या मागचाही थांबला, त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. पुण्यात असतं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता आणि मला खरं तर तेच बरं वाटलं असतं. मला फक्त मुलगी आठवली. "बास झालं आता," मी मोठ्यानं म्हणाले, गाडीत दुसरं कुणी नसताना.

जेवणाच्या सुट्टीत मी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजात जाऊन उभी राहिले. मेकॅनिक किया ओरा म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार, मीही किया ओरा म्हणाले आणि लगेच घाई लावली. त्यानं डाव्या सीटसमोरचा ग्लव्हबॉक्स काढला, त्याच्यामागून पंखा खाली ओढला, आणि पंख्याबरोबर कचऱ्याचा एक गोळाच बाहेर आला. काळी पडलेली पानं, पाकळ्या आणि तांदूळ. "उंदीर," तो म्हणाला. "हिवाळ्याची साठवण केलीय बघ." मग त्यानं एक दाणा उचलून उजेडात धरला. दाणा लाल होता. "पण हा उंदीर खातो तरी काय?"

उंदीर कसला, मीच ती. दर दसऱ्याला मी गाडीची पूजा करते. वायपर असतात ना, तिथे काचेच्या पायथ्याशी झेंडूचा हार, आपटा मिळत नाही म्हणून शेजारच्या कुंपणाची पानं, आणि वर मूठभर कुंकवाच्या अक्षता. त्याच पायथ्याशी एक जाळी असते आणि त्या जाळीतूनच पंखा बाहेरची हवा आत ओढतो, हे मला कोण सांगणार? वर्षानुवर्षं मी त्या पंख्याला भरवत आले होते, आणि शेवटी त्याचा घास अडकला. अपघात होऊ नये म्हणून केलेल्या पूजेनं मला सकाळी ट्रकखाली घातलं असतं. मी मेकॅनिकला म्हटलं, हो, उंदीरच असणार.

मोटर ठणठणीत होती. पंखा साफ करून त्यानं परत बसवला, आणि वारा सुरू झाला. प्लग सैल बसलाय का म्हणून मी वाकून बघितलं, तर त्यानं तो कसा लावायचा, कसा काढायचा तेही दाखवलं. मग तो गोळा कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाला तेव्हा मी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. निर्माल्य ते. निर्माल्य कचऱ्यात टाकत नाहीत, झाडाच्या मुळाशी घालतात. उंदराची साठवण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून घरी नेणारी बाई त्यानं पहिल्यांदाच बघितली असणार. "स्वीट ॲज," म्हणजे इथलं 'झकास', एवढंच म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. पिशवी मी ग्लव्हबॉक्समध्ये ठेवली आणि वॉर्डाकडे पळाले.

संध्याकाळी पंखा पूर्ण वेगात सोडून, चक्क गात गात मी घरी आले. तोंडात वाक्य तयार होतं, काखेत कळसा नि गावाला वळसा, नुसता कचरा होता रे. दार उघडलं तर स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. नवऱ्याचा.

जेवणाच्या टेबलावर एक पंखा होता. रेकर्सकडून आणलेला. ट्रेननं शहरात, तिथून ट्रेन बदलून हट्ट नावाच्या गावाला, तिथून पावसात चालत, आणि मोडक्या गाडीत शिरून त्यानं तो स्वतः काढला होता. दाढी केलेली होती. जुन्या चार्जरच्या वायरी जोडून तो मोटर फिरवत होता आणि मुलगी वरून कागदाचे कपटे सोडत होती. कपटे वरणाच्या पातेल्यात पडले तरी दोघांना पर्वा नव्हती. "आई, लुक, बाबा मेड इट गो," ती म्हणाली. तो माझ्याकडे वळला. "शनिवारी बसवतो. तुला सुट्टी आहे, गाडी दिवसभर मोकळी. बघ तू, भाजून निघशील."

सांगायला हवं होतं का? मला अजूनही ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांनी त्या टेबलाशी उभं राहून दाखवावं. "पर्स गाडीत राहिली," म्हणाले आणि बाहेर गेले. ग्लव्हबॉक्सखाली डोकं घातलं, प्लग चाचपला, खटका दाबला आणि चालू पंखा पुन्हा बंद पाडला. आत आले आणि वरणातले कपटे वेचायला बसले.

शनिवारपर्यंत माझी जी त्रेधातिरपीट उडाली ती कुणाला सांगू नये. घरापासून पंच्यानं काच पुसत निघायचं, कारण तो आता सकाळी उठून खिडकीत उभा राहून हात हलवायला लागला होता. कोपऱ्यावर आमची डेअरी आहे. डेअरी म्हणजे दूध-पाव-लॉटरीचं छोटं दुकान. तिच्यापुढे गाडी थांबवायची, डावीकडचं दार उघडायचं, फुटपाथवर गुडघे टेकायचे आणि आत डोकं घालून प्लग लावायचा. संध्याकाळी पुन्हा तिथेच थांबून काढायचा, आणि काच पुरेशी धुरकटेपर्यंत आत बसून मोठमोठे श्वास सोडायचे. डेअरीवाले गुजराती काका आधी नुसते काचेतून बघायचे. मग एकदा टॉर्च घेऊनच बाहेर आले. "बेन, काय हरवलंय? रोज शोधता तुम्ही." मी म्हणाले, "कानातलं." तर तेही गुडघ्यांवर बसून माझ्याबरोबर शोधायला लागले. त्यांना उठवता उठवता माझी पुरेवाट झाली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. नवऱ्यानं "आज काच कशी होती गं?" विचारलं की मी नळ मोठा सोडायचे. "होती तशीच," मी भांड्यांच्या आवाजात सांगायचे. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. एकदाचा शनिवार उजाडू दे आणि ह्याच्या हातून तो पंखा बसू दे, एवढंच मागणं होतं.

गुरुवारी तर तो दारातच उभा होता. एका कंपनीतून फोन आला होता, सोमवारी इंटरव्ह्यू. त्यानं स्वतःहून सासूबाईंना फोन लावला, आणि आधी मोटर कशी काढली ते सांगितलं, इंटरव्ह्यूचं नंतर. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "आज अंघोळ नाही वाटतं?" आणि तो हसला. जेवताना मला म्हणाला, "त्या गाडीतून मोटर निघून हातात आली ना, तेव्हा वाटलं, अरे, आपल्याला येतं की. आज फोनवर माझा आवाजसुद्धा वेगळा लागला." मी मान हलवली. त्याचा सगळा डोलारा आता एका मोटरवर उभा होता आणि ती मोटर नको होती हे फक्त मला माहीत होतं.

शनिवारी छान ऊन पडलं. त्यानं जुना स्वेटर घातला, स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडले. मी टॉर्च धरायला, मुलगी आजीसाठी व्हिडिओ काढायला. "आधी ग्लव्हबॉक्स रिकामा करायचा," तो म्हणाला, आणि त्यानं झाकण उघडलं.

पिशवी. इतके दिवस मी त्या पिशवीच्या बरोबर खाली डोकं घालत होते आणि एकदाही ती आठवली नव्हती. त्यानं गाडीची कागदपत्रं काढली, टिश्यूचा डबा काढला, मुलीचे हातमोजे काढले आणि मग पिशवी काढली. गाठ सोडली. काळ्या पाकळ्या, लाल तांदूळ, सगळ्यावर करडी धूळ. त्यानं नाकाशी नेऊन वास घेतला. एकदा वर जाळीकडे बघितलं, एकदा खाली पंख्याकडे. मग गाठ पुन्हा बांधून पिशवी हळूच बाजूला ठेवली.

पंखा त्यानं तरीही काढला. पाती लख्ख होती. त्यानं बोटानं टिचकी मारली, पंखा गरगर फिरला आणि फिरतच राहिला. त्याच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. "टॉर्च जरा इकडे," तो म्हणाला. रेकर्सचा पंखा वर चढवला, स्क्रू आवळले, प्लग जोडला, किल्ली फिरवली. वारा सुटला. मुलगी ओरडली, "बाबा, यू आर अ जीनियस," आणि तो तिच्या फोनकडे बघून हसलासुद्धा. व्हिडिओ पुण्याला गेला, ग्रुपवर अंगठे आणि फुलं आली, मामेसासऱ्यांनी रक्तातच आहे म्हणून लिहिलं.

रविवारभर मी वाट बघत होते. बोल रे, भांड, ताट आपट, काहीतरी कर. मी नसलेली कामं काढली, मुलीवर खेकसले, भाजीत मीठ दोनदा घातलं. त्यानं ती भाजी मुकाट्यानं खाल्ली आणि शर्टला इस्त्री करायला घेतली. दुपारी मागच्या अंगणात गेले तर लिंबाच्या झाडाशी माती नुकतीच उकरून सारखी केलेली दिसली. प्लास्टिकची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली होती. आता बोलायचंच असं ठरवून मी आत आले, तर तो मुलीला समोर बसवून इंटरव्ह्यूची उत्तरं म्हणून दाखवत होता. मी परत बाहेर गेले.

सोमवारी मी रजा घेऊन त्याला शहरात सोडायला निघाले. पाऊस होता. नवा पंखा जराशी शिट्टी वाजवत होता, पण काच अगदी स्वच्छ होती. घाट उतरला, बंदर आलं, आम्ही पावसाबद्दल बोललो, मुलीच्या पोहण्याच्या क्लासबद्दल बोललो. त्या इमारतीसमोर मी गाडी उभी केली. तो उतरला नाही. हात पुढे करून त्यानं पंखा बंद केला.

"एक विचारू?"

"विचार ना."

"हा इंटरव्ह्यू तरी माझा आहे का? की हाही तूच..."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ओळखी आमच्या भरपूर आहेत, हे खरं. माझ्या वॉर्डातल्या एकीचा नवरा याच क्षेत्रात, मराठी मंडळात तर अर्धे लोक हेच काम करणारे. एप्रिलमध्ये एक-दोनदा फोन माझ्या हातात आलाही होता. पण मी केला नव्हता, कुणालाच नाही. "नाही रे," मी म्हणाले. "देवाशप्पथ, मी कुणाशी बोललेले नाही. हा तुझाच आहे, तूच मिळवलास."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं माझं तोंड असं कधी तपासलं नव्हतं. मी खरं बोलत होते, आणि खरं बोलताना आपलं तोंड कसं दिसतं तेच मला आठवेना. डोळे त्याच्यावर ठेवू की बाजूला घेऊ? हसू की नको?

"शपथ घेऊ नकोस," तो म्हणाला. "घेतलीस की मला जास्तच वाटायला लागतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, त्यात मी हुशार आहे. त्यानं कॉलर नीट केली, फाइल उचलली, दार उघडलं.

"येतो," तो म्हणाला. चांगलं होईल, तुला जमेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून आता ते कसं ऐकू जाईल हे मनात येऊन, मी, जन्माची उतावळी, गप्प बसले.